पेठेच्या बूथवरची एकसष्ट मतं

पत्र

ताई, नमस्कार.

मी वकील आहे, वय ४६. खून-मारामाऱ्यांच्या केसेस मी घेत नाही. दुकानदार, हॉटेलवाले, छोटे कारखानदार यांचीच कामं करतो: जीएसटीच्या नोटिसा, भागीदारीपत्रं, चेक बाउन्स, फूड लायसन्स, नगरपरिषदेच्या गाळ्यांची भांडणं. बावीस वर्षांत बाजारपेठेतलं असं दुकान नाही, ज्याचा एखादा तरी कागद माझ्या टेबलावरून गेला नाही.

यंदा आमचं नगराध्यक्षपद खुल्या प्रवर्गासाठी सुटलं. जो येईल तो म्हणायचा, ‘साहेब, तुम्हीच उभे राहा.’ राहिलो. अपक्ष, चिन्ह कपबशी. सहा उमेदवारांत तिसरा आलो, ३,११८ मतं पडली, डिपॉझिट गेलं. साडेसात लाख खर्च झाला. तीन लाख माझे, अडीच लाख बायकोचे दागिने बँकेत ठेवून, दोन लाख मेहुण्याकडून.

पैसे फिटतील. सल वेगळाच आहे. पेठेतल्या ज्या बूथवर माझ्या अशिलांची सत्तर घरं आहेत, तिथं ७४२ जणांनी मतदान केलं. मला ६१. तो बूथवार आकड्यांचा कागद मी टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. कुणी समोर येऊन बसला की नजर आधी त्या कागदावर जाते. निकालानंतर तिसऱ्या दिवशी एक जुना मिठाईवाला पेढ्यांचा बॉक्स घेऊन ऑफिसात आला. निवडणुकीत त्याच्या दुकानावर जिंकलेल्या उमेदवाराचा बॅनर होता. त्याला मी दीड तास बाकावर बसवून ठेवलं आणि ‘आज वेळ नाही’ म्हणून परत पाठवलं.

आता जिंकलेल्या गटाकडून निरोप आलाय, स्वीकृत नगरसेवक म्हणून घेतो. घेऊ का? का या लोकांची कामं सोडून देऊन पुढच्या निवडणुकीच्या तयारीला आत्ताच लागू?

कपबशी

उत्तर

वकीलसाहेब,

आधी तो कागद काचेखालून काढा. फाडू नका, पुढं लागेल कधीतरी. पण त्याची जागा कपाटातल्या फाइलीत आहे, अशिलाच्या आणि तुमच्या मध्ये नाही.

सत्तर घरं आणि एकसष्ट मतं, एवढ्या दोन आकड्यांवर तुम्ही पेठेचा निकाल लावून मोकळे झालात. समोरच्या वकिलानं कोर्टात असला पुरावा आणला असता तर तुम्ही काय केलं असतंत? हसला असतात. कुणी कुणाला मत दिलं हे तुम्हाला कळू नये, अशीच सगळी व्यवस्था आहे, आणि ती आहे म्हणून तर ते ६१ जण तुम्हाला मत देऊ शकले. त्या एकसष्टांत तो मिठाईवाला नव्हताच, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? बॅनरवरून?

बॅनरचं मी सांगते. आमचं किराणा दुकान होतं, तालुक्याच्या गावी, भर चौकात. निवडणूक आली की वडील गल्ल्याच्या खालच्या खणात सगळ्या पक्षांच्या वर्गणीच्या पावत्या एकाच चापात लावून ठेवायचे. कुणाची माणसं चौकात शिरताना दिसली की हात खणात जायचा आणि त्यांची पावती वर यायची. ती माणसं दुकानात येऊन बसेपर्यंत चहा सांगितलेला असायचा. ‘काका, यंदा आपलंच ना?’ ‘म्हणजे काय, विचारायची गोष्ट आहे का?’ हे दिवसातून तीन वेळा, तीन पक्षांना. बॅनर लावायचा तर ज्याची पोरं जास्त दांडगी, त्याचा. मत कुणाला दिलं, ते त्यांनी आईलासुद्धा कधी सांगितलं नाही. आई विचारायची आणि ते म्हणायचे, ‘साखर किती राहिलीय बघ.’

तेव्हा मला त्यांचा राग यायचा. कॉलेजात होते, कणा वगैरे शब्द नवीन शिकले होते. पुढं कळलं की दुकानदाराला शटर रोज उघडावं लागतं. गाळ्याचा करार नगरपरिषदेच्या हातात, पायरीपुढं हातगाडी लागू द्यायची की नाही ते त्यांच्या हातात, अतिक्रमणाची गाडी कुठल्या गल्लीत आधी वळवायची तेही त्यांच्याच हातात. हे मी तुम्हाला काय सांगायचं! बावीस वर्षं तुम्ही त्यांना हेच शिकवत आलात. ‘अंगावर घेऊ नका’, ‘तोंडी काही बोलू नका’, ‘साहेबाशी वाकडं नको, मी बघतो’. त्यांनी तुमचा सल्ला तंतोतंत पाळला, साहेब. फक्त या वेळी तो तुमच्यावर उलटला.

आणि ते ‘तुम्हीच उभे राहा’. आपल्याकडं दारातून निघालेल्या माणसाला आपण ‘जेवून जा ना’ म्हणतो. म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते, पण कुकर लावलेलाही नसतो. तुमचे अशील खोटं बोलले नाहीत. तुमच्यासारखा माणूस तिथं असावा, असं त्यांना खरंच वाटत असणार. त्यासाठी आपण काय पणाला लावायचं, हे मात्र त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि तुम्हीही विचारलं नाहीत. अशिलाला शेवटच्या पावतीपर्यंत खोदून विचारणारे तुम्ही, इथं ‘साहेब, तुम्हीच’ एवढ्यावर वकीलपत्र घेतलंत.

आता हरण्याचं जरा कोरडेपणानं बघू, कारण तुमच्या पत्रात गद्दारी आहे पण गणित नाही. नगरपरिषदेच्या निवडणुकीत बहुतेक ठिकाणी मतदारापुढं तीन बटणं असतात: प्रभागातले दोन नगरसेवक आणि एक नगराध्यक्ष. मतदाराला घरातून बाहेर काढतो तो नगरसेवकाचा उमेदवार. नळाला पाणी नव्हतं तेव्हा टँकर आणणारा, दहाव्याला खुर्च्या पाठवणारा. तो दारात येऊन सांगतो, ‘तीनही एकाच चिन्हावर दाबा.’ तुमच्याकडं पॅनल नव्हतं. म्हणजे एकाही प्रभागात तुमच्या नावानं सकाळी सातला बूथबाहेर टेबल मांडून बसणारा, ज्याचं स्वतःचं काही पणाला लागलंय असा माणूस नव्हता. त्यात अपक्षाला चिन्ह हातात पडतं ते मतदानाच्या जेमतेम आठवडाभर आधी. पक्षांची चिन्हं लोकांच्या बोटांना वर्षानुवर्षं पाठ आहेत. तुमची कपबशी लोकांना माहीत होती, पण टपरीवर. एवढ्या भांडवलावर ३,११८ मतं पडली. मला तर ती बरीच वाटतात. कुठलीही वरात न काढता तीन हजारांवर लोकांनी तुमचं बटण शोधून काढलं.

तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण मला दिसतंय ते सांगू? मतदान २ डिसेंबर २०२५ ला झालं. मोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची होती, ती न्यायालयाच्या आदेशानं थेट २१ डिसेंबरवर गेली. राज्यभरातल्या उमेदवारांचे ते एकोणीस दिवस मशीनबरोबर कोठडीत गेले. त्या एकोणीस दिवसांत तुम्ही निवडून आलेले होतात. होता ना? चहाच्या टेबलावर कुणीतरी पाकिटाच्या मागं आकडेमोड करून ‘साहेब, काठावर आहात पण बसताय’ असं सांगितलं असणार. रस्त्यात नमस्कार जरा जास्त वाकून झाले असतील. मनात पहिल्या सभेचं भाषणही तयार झालं असेल. दुसऱ्याच दिवशी निकाल लागला असता तर तुम्ही फक्त हरला असतात. इथं तुम्ही एकोणीस दिवस खुर्चीवर बसलात आणि मग उठवले गेलात. हा मार जास्त लागतो आणि त्याचा राग कुणावर काढायचा ते कळत नाही. मग जो पेढे घेऊन येतो त्याला दीड तास बाकावर बसवायचं.

अशा वेळी लोक निवडणुका हरूनही पुढं राष्ट्राध्यक्ष झालेल्या लिंकनचं नाव काढतात. मी काढणार नाही. मुंबई महापालिकेच्या इमारतीसमोर पुतळा आहे तो फिरोजशहा मेहतांचा. तेही वकीलच. मुंबईच्या महापालिकेची घडी ज्यांनी बसवली त्यांत त्यांचं नाव पहिल्या ओळीत येतं. तीसेक वर्षं पालिका गाजवून झाल्यावर, १९०७ च्या निवडणुकीत त्यांना पाडायचंच म्हणून काही बडे युरोपीय अधिकारी आणि एक संपादक यांनी जूट बांधली. ‘कॉकस’ म्हणून ती ओळखली गेली. जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे सरकारनं नेमलेल्या प्रतिष्ठित मंडळींनी निवडून द्यायच्या जागा होत्या सोळा. मेहता आले सतरावे. पुढं निवडून आलेल्यांपैकी एकाची निवड टिकली नाही आणि ते आत आले, ती गोष्ट वेगळी. तुमच्या बाबतीत तसलं काही घडायचं नाही, तुमच्या पुढं दोघं आहेत आणि अंतरही बरंच असणार. मला एवढंच दाखवायचं होतं की ज्याचं काम गावभर उभं आहे, तोही मोजणीत सतरावा येऊ शकतो. काम आणि मत यांची खाती वेगळी आहेत.

बरं, आता व्यवहार.

निकालापासून तीस दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब द्यायचा असतो, हे मी वकिलाला सांगायला नको. पण हरलेले उमेदवारच हा कागद विसरतात, मग नोटीस येते आणि प्रकरण अपात्रतेपर्यंत जातं. २१ डिसेंबरपासून तीस दिवस म्हणजे २० जानेवारी. योगायोग बघा, तुमच्या मासिक रिटर्नवाल्या अशिलांच्या डिसेंबरच्या थ्री-बीची, म्हणजे जीएसटीच्या महिन्याच्या विवरणपत्राची, शेवटची तारीखही तीच. तुमच्या ‘ब’ वर्ग नगरपरिषदेला नगराध्यक्षपदाच्या उमेदवारासाठी मर्यादा सव्वाअकरा लाखांची होती, तुम्ही साडेसातात आहात, म्हणजे लपवण्यासारखं काही नाही. टेम्पोवाला, मंडपवाला, पत्रकं छापणारा आणि ती चार पोरं, जी रात्री खळ घेऊन फिरली, यांचे पैसे कुणाचे राहिले असतील तर आज द्या. हरलेल्या उमेदवाराकडं पैसे मागायला गरीब माणूस लाजतो, आणि ते गावात वर्षभर बोललं जातं. चौकात तुमच्या चेहऱ्याचा एखादा फ्लेक्स अजून फडफडत असेल तर तोही उतरवा. त्यावरून आठवलं, वकिलानं जाहिरात करायची नाही, ऑफिसची पाटीसुद्धा बेताचीच असावी, असा बार कौन्सिलचा नियम आहे ना? बावीस वर्षं वीतभर पाटीखाली बसलेला माणूस एकदम दहा फुटांचा होतो, तेव्हा त्याला स्वतःची उंची पुन्हा मापायला वेळ लागत असणार. थट्टा म्हणून सोडून द्या.

दागिने आधी सोडवा, मेहुण्याचे नंतर. मेहुण्याला दोन लाखांची चिठ्ठी लिहून द्या, हप्ता आणि तारखेसह. गावभराची भागीदारीपत्रं लिहिणाऱ्यानं घरचा व्यवहार तोंडी ठेवला असणार, पैज लावते. आणि एक विचारते, रागावू नका. तुमच्या अख्ख्या पत्रात बायको एकदाच येते, दागिन्यांच्या मागं षष्ठी लावून. प्रचारात ती कुठं होती? हळदीकुंकवाच्या नावाखाली किती घरांचे उंबरे तिनं झिजवले, तिथं तिला काय ऐकायला मिळालं, निकालाच्या दिवशी ती काय करत होती? बूथवार कागद तिच्यापुढं ठेवून एकदा विचारून बघा. पेठेत काय झालं हे तिला तुमच्या आधी कळलं होतं, असं माझं मन सांगतं.

स्वीकृतचा निरोप. माझं उत्तर ‘नको’ असं आहे, आणि ते नैतिकतेच्या उंच आसनावरून नाही. एक तर स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेल्या, सदस्याला सभेत मताचा अधिकार नाही. बोलायचं, चहा प्यायचा, हात वर करायचा नाही. त्याहून मोठी अडचण तुमच्या कपाटात आहे. गाळेधारकांच्या ज्या फायली तुम्ही चालवता, त्यांत समोरची पार्टी नगरपरिषदच आहे. सभागृहात बसून त्या विषयात तोंड उघडलंत तर काय होतं, आणि न उघडता बसलात तर अशील काय समजतील, हे पुस्तक न काढता तुम्हाला ठाऊक आहे. ‘कायद्याचा माणूस हवा’ म्हणून बोलावतात तेव्हा पुष्कळदा तो माणूस समोरच्या बाजूला नको असतो, एवढाच अर्थ असतो. तरी जायचंच असेल तर आधी त्या फायली दुसऱ्या वकिलाकडं द्या आणि प्रत्येक गाळेवाल्याला समोर बसवून कारण सांगा. ते तोंडातून निघतंय का बघा. निघालं तर माझा सल्ला बाजूला ठेवा.

पुढच्या वेळची तयारी. कशाची करणार? नगराध्यक्षपदाचं आरक्षण सोडतीनं फिरतं, निम्मी पदं महिलांसाठी असतात. पाच वर्षांनी तुमच्या गावाला कुठली चिठ्ठी येईल हे कुणालाच माहीत नाही. जनतेतून थेट निवड २०१६ साली आणली, २०२० साली काढली, २०२२ साली पुन्हा आणली. म्हणजे पुढच्या वेळी ती पेटी तरी असेल की नाही, इथपासून प्रश्न. खुलं पद बघून तुम्ही ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ म्हणून उडी मारलीत, ते मला समजतं, मी असते तर कदाचित मीही मारली असती. पण त्या पदावर डोळा ठेवून पाच वर्षं अशील मोजत बसणं म्हणजे दुसऱ्याच्या लग्नाच्या तारखेसाठी आपला कोट शिवून ठेवण्यासारखं आहे. राजकारण हवंच असेल तर प्रभागातून सुरुवात करा, आणि तीही नळाच्या तक्रारीपासून. बाजारपेठेतून नव्हे. बाजारपेठ तुमचं दुकान आहे.

अशील सोडण्याबद्दल तुम्ही विचारलंत. सोडू नका. कुणाची विक्री किती खरी, कोणत्या भावाला भागीदारीतून का काढलं, कुणाचा चेक कुठल्या बाईच्या नावावर वटला, हे सगळं त्या सत्तर घरांनी तुमच्यापुढं उघडं केलं आहे. मतदारसंघातल्या कुठल्याही निवडून आलेल्या माणसाला ते इतकं सांगणार नाहीत. एक गोष्ट त्यांनी स्वतःपाशी ठेवली. तुमचे खिसे त्यांच्या गुपितांनी भरलेले असताना तुम्ही त्या एका गोष्टीसाठी खोळंबला आहात. आणि हे सगळं ज्याच्याकडं आहे, त्यालाच गावाचा अध्यक्ष करायला काही जण दचकले असतील, हेही डोक्यात येऊ द्या. माझे वडील दचकले असते. वकील त्यांना फार प्रिय होता, पण खणाची किल्ली आणि गावाची किल्ली एकाच खिशात जाऊ नये, असं त्यांना वाटलं असतं. ते बोलले नसते. ‘साहेब, तुम्हीच’ म्हणाले असते.

मिठाईवाल्याकडं तुम्ही स्वतः जायचंय. फोन करून बोलवायचं नाही. दुपारी तीनच्या सुमाराला जा, तेव्हा मिठाईच्या दुकानात गिऱ्हाईक कमी असतं. माफीचं भाषण नको आणि बॅनरचा विषयही नको. पाव किलो काहीतरी घ्या आणि पैसे द्या. तो घेणार नाही, तरी द्या. ते पेढे जिंकलेल्याच्या मिरवणुकीतले उरलेले होते का, ही शंका तुम्हाला पोखरत असणार. असतीलही. मिठाईवाला उरलेला माल टाकून देत नाही. पण उरलेला बॉक्स हरलेल्याकडं घेऊन येऊन दीड तास बाकावर बसायला निराळं कारण लागतं. माझा अंदाज असा की तो तुमच्याकडं कामासाठी आला होता आणि रिकाम्या हातानं यायची त्याला लाज वाटली. जीएसटीची एखादी एएसएमटी-१०, म्हणजे विवरणपत्रातल्या तफावतीचा खुलासा मागणारी नोटीस, खिशात असेल. तिच्या उत्तराला तीस दिवस असतात, त्यातले किती उरले आहेत ते त्याला विचारा.